गोचीड वेचून कमावलेली भाकर

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की हिनं स्वतःला चांगलं करून सांगितलं. लहानपणी आमच्या चिंताकी गावात बायका म्हणायच्या, "ही पोरगी न्हाई गं, फोडणीतली मोहरी हाय." त्यात खोटं काही नव्हतं. आई होती तोवर माझा राग ती झेलायची. ती गेली अन् मग माझ्या रागाला घरात अप्पाच उरले.

अप्पा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर दीड वर्षं ते चिंताकीत एकटेच राहिले. मी त्यांची एकुलती एक. माझा संसार बिदरला, नौबादेत. नवरा जवळच्याच कोळारच्या एका गोदामात कामाला, पोरगी दुसरीत. घर दोन खोल्यांचं, पण पुढं अंगण ऐसपैस, भोवती दगडी भिंत. दर महिन्याला मी औरादची बस धरून गावाकडं जायची अन् अप्पांना म्हणायची, "चला की माझ्याकडं." दर वेळी त्यांचं उत्तर एकच, "लेकीच्या घरी बाप ऱ्हात नस्तोय."

आमचं घराणं मेंढरांचं. आता आमच्यात कुणाकडं मेंढरं उरली नाहीत. कुणी शेती करतं, कुणी रोजानं जातं. रीती मात्र राहिल्या. लेक दिली की तिच्या घरचा घास बापाला चालत नाही, ही त्यातलीच एक. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण अप्पा नौबादेत आले की धडप्यात स्वतःची भाकर बांधून आणायचे अन् माझ्या ओट्यावर बसून खायचे. पाणी तेवढं प्यायचे. तेही "हे सरकारी नळाचं हाय, तुझ्या घरचं न्हाई" असं म्हणून. मला असा राग यायचा! "मग हवा बी गावाकडूनच बांधून आणा की," मी म्हणायची. ते नुसते हसायचे.

शेवटी गुडघ्यांनी हात टेकले. अप्पांनी स्वतःची उरलीसुरली मेंढरं विकून टाकली, एक शेळी तेवढी ठेवली. एकदा मी गेले तर दुपार झाली तरी चूल पेटलेली नव्हती, अन् अप्पा कालची शिळी भाकर पाण्यात बुडवून खात होते. मी तिथंच भांडण काढलं. रडले, ओरडले, आईचं नाव काढलं. तेव्हा ते म्हणाले, "येतो. पण फुकट खाणार न्हाई. काम दे. कामाच्या भाकरीला काय न्हाई. मजूर कुणाचा बाप नस्तोय अन् कुणाचा सासरा नस्तोय."

काम काय देणार मी त्यांना? पण ते आले, शेळी बांधली, घोंगडी ओट्यावर टाकली अन् काठी घेऊन अंगणातून एक चक्कर मारली. भिंतीच्या भेगांत काठीचं टोक घालून बघितलं. भिंतीला लावून रचलेलं जळतण उचलून बघितलं. मग मला हाक मारली, "पोरी, तुझ्या अंगणात गोचीड हायत." भिंतीच्या सावलीला गल्लीतली कुत्री येऊन पडायची, त्यांच्या अंगावरचे. भेगेत डोकं घालून बघितलं तर खरंच, मसुरीएवढे दहाबारा एकमेकांना चिकटून बसलेले. मी झटकन मागं सरले.

"हेच माझं काम," अप्पा म्हणाले. "अंगण राखतो. शेळी राखतो. नातीच्या अंगाला गोचीड लागू देत न्हाई. दोन वक्ताला दोन दोन भाकरी दे." मी हसत हो म्हणाले. मला वाटलं, चला, म्हाताऱ्यानं स्वतःची समजूत काढली, माझं काम झालं. त्यांच्या लेखी मात्र तो करार होता.

काय काम करायचे! सकाळी उन्हं आली की शेळीला गुडघ्यांत धरायचे. कानाच्या आत, मानेखाली, कासेजवळ, शेपटीच्या मुळाशी, खुरांच्या बेचक्यात, सगळीकडं बोटं फिरायची. डोळ्यांनी त्यांना कमी दिसायचं, पण बोटांना सगळं दिसायचं. गोचीड सापडला की चिमटीत अगदी मुळाशी धरायचा, हळूहळू सरळ वर ओढायचा अन् तळाला डिझेल घातलेल्या डब्यात टाकायचा. नखानं चिरडायचा नाही. "चिरडलास तर त्याचं घाण रगत तुझ्याच हाताला लागतंय," म्हणायचे. भिंतीच्या भेगा त्यांनी चुना कालवून स्वतः लिंपल्या. जळतण भिंतीपासून लांब, उन्हात, खाली दगड देऊन रचलं. भिंतीच्या कडेचं गवत बसल्या बसल्या विळ्यानं कापून काढलं. कुत्र्यांना मारलं नाही, त्यांना गल्लीच्या पलीकडं लिंबाखाली भाकरतुकडा टाकायची सवय लावली, म्हणजे ती आपोआप तिकडं बसायला लागली. तो तुकडाही स्वतःच्या दोन भाकरींतला.

पोरगी शाळेतून आली की आधी अप्पांपुढं उभी राहायची. ते कानामागं, मानेवर, काखेत, गुडघ्यामागं बोट फिरवून बघायचे अन् पाठीवर थाप मारून आत सोडायचे. एकदा तिच्या कानामागं एक सापडलाच. आमचे मालक काडीपेटी घेऊन धावले. त्यांच्या गावात गोचिडाला चटका देतात म्हणे. अप्पांनी जावयाच्या हातावर फाडकन चापट मारली. अकरा वर्षांत जावयाला अरे म्हणाले नव्हते! "चटका दिला की ते तोंडातलं इख लेकराच्या अंगात सोडतंय," म्हणाले अन् शांतपणे तो काढला. जागा साबणानं धुवायला लावली. मग पुढं आठवडाभर रोज सकाळी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघायचे. त्या दिवशी त्यांनी तिसरी भाकर मागून घेतली. म्हणाले, "आज जास्तीचं काम झालं."

अशी दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत माझ्या घरी माझा बाप पोटभर जेवला, अन् मान वर करून जेवला. मी लई सुखी होते. तेव्हा कळलं नाही.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी आईला हाका मारायचे. मग फाटकापाशी उभं राहून मेंढरं कुठं गेली म्हणून विचारायचे. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, वयानं मेंदू झिजायलाय, औषधानं फार काही व्हायचं नाही, सांभाळून घ्या. मी म्हणाले, सांभाळायला काय, माझा बाप आहे. पण त्यांच्या बोटांना सांभाळणं मला जमलं नाही. गोचीड नसला तरी बोटं शोधायला लागली. मालकांच्या शर्टाच्या गुंड्या ओढायचे. ताटात जिऱ्याचा दाणा दिसला की चिमटीनं उचलून बाजूला ठेवायचे. माझ्या मानेवर तीळ आहे, तो धरून ओढायचे. "अप्पा, तीळ हाय तो!" मी ओरडायची. दुसऱ्या दिवशी परत तेच.

शेजारी एक अक्का राहायची, आमच्याहून वयानं मोठी, घरी कन्नड बोलणारी. तिचा तीन वर्षांचा नातू आमच्या फाटकात खेळायला यायचा. त्या पोराच्या गळ्यावर काळी चामखीळ होती. एका सकाळी मी आत भाकरी थापत होते अन् बाहेर पोरानं एवढ्या मोठ्यानं किंकाळी फोडली की माझ्या हातातली भाकर तव्याबाहेर पडली. अप्पांनी पोराला गुडघ्यांत धरलं होतं, शेळीला धरायचे तसं. गळ्यावरून रक्त येत होतं. अन् अप्पा म्हणत होते, "हलू नगंस लेकरा, निघालाच बघ, निघालाच."

अक्का धावत आली. अय्यय्यो, अय्यय्यो करत तिनं पोराला ओढून घेतलं. "हुच्च म्हातारा! याड लागलंय याला! बांधून ठेव तुझ्या बापाला!" अर्धं कन्नडमधून, अर्धं मराठीतून तिनं सगळ्या गल्लीला ऐकवलं. मी काय कमी होते? मीही तोंड सोडलं. दोन घरांमधलं बोलणं त्या दिवशी बंद झालं. अन् तिचं सगळं चूक ठरवून झाल्यावर, आत येऊन, मी तिनं सांगितलं तेच केलं. पोरीचे शाळेचे पांढरे मोजे घेतले, अप्पांच्या दोन्ही हातांत चढवले अन् मनगटाला नाडीनं बांधले. ते गुमान बसले. "थंडी न्हाई की गं," एवढंच म्हणाले. तीन दिवस मी ते मोजे बांधत होते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहिते आहे.

चौथ्या दिवशी माझं मलाच बघवेना. मोजे सोडले अन् ठरवलं की या गोचिडाचं मूळच उपटायचं. शेळी गावाकडच्या एका भावकीतल्याला देऊन टाकली. अंगणात सगळीकडं शहाबादी फरशी बसवली, सांधे सिमेंटनं भरले, भिंतीला गिलावा केला. एक भेग ठेवली नाही. अप्पांना हाताला धरून सगळं फिरवून दाखवलं. "बघा अप्पा, आता एक बी गोचीड न्हाई. येणार बी न्हाई. आता तुमी नुसतं बसून खायचं." मला वाटलं, मी लेकीचं कर्तव्य केलं.

दुपारी ताट वाढलं. अप्पांनी ते हलकेच पुढं सरकवलं. "आज काम न्हाई झालं," म्हणाले.

संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. चहासुद्धा नाही, फक्त नळाचं पाणी. मालकांनी समजावलं, पोरीनं गळ्यात हात टाकून समजावलं. "गवंड्याचं काम संपलं तर त्याला कोण बसून खायला घालतंय?" त्यांनी उलट विचारलं. माणूस बायको मेलेली विसरला होता, गाव कुठलं ते विसरला होता, पण लेकीच्या घरी काम केल्याबिगर खायचं नाही हे त्याच्या हाडात होतं. तिसऱ्या दिवशी त्यांना उठून उभं राहता येईना. अन् अंगणातली नवी फरशी बघून मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

सुटका झाली ती अचानक. मी त्यांच्याजवळ बसून उडीद निवडत होते, सालासकटचे काळे. सुपातून मूठभर त्यांच्या घोंगडीवर सांडले. घोंगडी जाडीभरडी, त्यांच्याच मेंढरांच्या लोकरीची, दाणे तिच्या केसांत अडकून बसले. अप्पांची बोटं हलली. एक दाणा सापडला. चिमटीत मुळाशी धरला, सरळ वर ओढला. "हाय की अजून!" त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. मी एक रिकामा डबा पुढं केला. त्यांनी एकेक करून सगळे वेचले, टुणटुण करत डब्यात टाकले अन् मग माझ्याकडं बघून म्हणाले, "भाकर झाली का गं, माय?"

दीड भाकर खाल्ली. मी चुलीपाशी जाऊन रडले. आनंदानं रडले.

मग ते रोजचंच झालं. सकाळी ते तोंड धुवायला गेले की मी घोंगडीवर मूठभर उडीद टाकायची, हातानं लोकरीत चोळायची. ते येऊन कामाला बसायचे. दुपारी डब्यातले उडीद मी गल्लीतल्या कोंबड्यांना टाकायची. संक्रांतीपासून उन्हाळ्यापर्यंत हे चाललं. मी स्वतःवर लई खूश होते. मालकांना म्हणायची, "बघा, डॉक्टरला जमलं न्हाई ते मला जमलं." ते म्हणायचे, "व्हय, पण तोंडावर ताबा ठेव. कधी चिडून बोलून बसशील." मी त्यांनाच चार शब्द सुनावले. म्हणे तोंडावर ताबा ठेव!

उन्हाळ्यात आमच्याकडं नळाला आठआठ दिवस पाणी नसतं. त्या दिवशी ते पहाटे आलं. मी एकटीनं पिंपं भरली, हंडे भरले, फरशी धुतली, पोरीचं आवरलं, मालकांचा डबा केला. कंबर कामातून गेली होती. उडीद टाकायचे राहून गेले. अप्पा सकाळपासून रिकाम्या घोंगडीवर बोटं फिरवत बसले होते, मी बघितलंसुद्धा नाही. दुपारी ताट ठेवलं तर त्यांनी सरकवलं. "आज एक बी निघाला न्हाई. काम झालं न्हाई."

"खावा अप्पा," मी म्हणाले.

"काम न्हाई तर भाकर कामून?"

"खावा म्हणते ना!"

त्यांनी ताट अजून थोडं लांब सारलं. बस्स. मोहरी तडतडली. मी फडताळातला उडदाचा डबा आणला अन् त्यांच्यापुढं फरशीवर पालथा केला. "कुठला गोचीड अप्पा, कुठला गोचीड? उडीद हायत हे, उडीद! मीच टाकतेय रोज सकाळी! तुमी खावावं म्हून! चार महिने झाले गोचीड गोचीड करायलाव, एक गोचीड न्हाई या घरात!"

दाणे फरशीवर घरंगळत गेले. अप्पांनी त्यातला एक उचलला. डोळ्यांजवळ नेला. मग दाताखाली धरून चावला. त्यांच्या डोळ्यांत कित्येक महिन्यांत नव्हती अशी समज मला दिसली.

"उडीदच हाय," ते म्हणाले. "म्हंजे इतके दिस मी फुकटच खाल्लो की गं, माय."

मला ओळखून मारलेली ती त्यांची शेवटची हाक. मी पाया पडले, थोबाडून घेतलं, "खोटं बोलले अप्पा, रागात बोलले" असं शंभरदा म्हणाले. ते हळूच माझा हात बाजूला करून भिंतीकडं तोंड करून निजले. मालक घरी आल्यावर म्हणाले, "आता रडून काय? झोप झाली की इसरतेत. सगळंच इसरतेत ते."

तेवढ्याच आशेवर मी होते. सकाळी घोंगडीवर उडीद टाकले. अप्पा आले. आई कुठं आहे विचारलं. मेंढरं सोडली का विचारलं. माझ्याकडं बघून "तुमी कोण, बाई?" असंही विचारलं. सगळं विसरले होते. मग घोंगडी झटकली, घडी घालून बाजूला ठेवली. ताट आणलं तर हात जोडले. "बाई, हे माझ्या लेकीचं घर हाय. इथलं मी खात न्हाई. लई खाल्लो."

लेक विसरले, लेकीचं घर विसरले नाहीत.

पाच दिवस गेले. मधे दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं, त्यांनी सुई उपसून काढली. सहाव्या दिवशी शेजारची अक्का फाटक उघडून आत आली. चामखिळीच्या भांडणानंतर ती पहिल्यांदाच आत येत होती, भिंतीपलीकडून सगळं ऐकून. हातात तिच्या घरचं पितळी ताट, त्यात भाकर अन् आमटी. माझ्याशी एक शब्द न बोलता ती अप्पांपुढं बसली अन् म्हणाली, "ऊट माडरी, अप्पा. जेवा."

"कुणाच्या घरचं?"

"माझ्या घरचं. शेजारचं हाय."

अप्पांनी अर्धी भाकर आमटीत चुरून खाल्ली. मी दारामागं उभी राहून तोंडात पदर कोंबला होता. जाताना अक्का ताट माझ्या हातात देऊन म्हणाली, "मी रोज दोनदा कशी येणार? हे ताट ठेव. तूच आण, माझ्या घरचं म्हणून. तुला तरी कुठं वळखतेत?" तिनं हे कुचकेपणानं म्हटलं नाही. मी तिच्या पायाला हात लावला. "चल गं, उठ," म्हणाली, अन् तिचेही डोळे भरले होते.

त्या संध्याकाळी मी माझ्याच चुलीवरची भाकर त्या पितळी ताटात घेतली. मागच्या दारानं बाहेर पडले, अक्काच्या फाटकातून फिरून आले, डोक्यावरून पदर घेतला अन् माझ्याच घराच्या पुढच्या दारात परकी होऊन उभी राहिले.

"कोण?" अप्पांनी विचारलं.

"मी शेजारची."

"माझ्या लेकीच्या घरचं न्हाई ना हे?"

"न्हाई."

"तू माझ्या लेकीची कोण लागतीस?"

"कुणीच न्हाई," मी म्हणाले. "मी तुमची लेक न्हाई अन् लेकीची कुणी बी न्हाई." ते खाली बघून जेवायला लागले.

त्यानंतर मी त्यांच्यापुढं कधी अप्पा म्हणाले नाही. पोरीलासुद्धा शिकवावं लागलं की आजोबांपुढं मला आई म्हणायचं नाही, अक्का म्हणायचं. पहिल्या दिवशी तिला तो खेळ वाटला. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "पण तू आई हायस की." मी तिला रागावले. दुसरं काय करणार?

अप्पा फुकट खाणारे नव्हतेच. चार घास झाले की विचारायचे, "अक्का, तुझ्या अंगणात गोचीड हायत का? सांग, बघून देतो. आता उठवत न्हाई, पण सांगतो तसं कर." मग मला शिकवायचे. भिंतीकडचं गवत वाढू देऊ नको. जळतण उन्हात ठेव. भेगांत चुना भर. लेकरू खेळून आलं की आधी कानामागं बघ, मग पोटाशी धर. गोचीड धरलास तर घाई करू नको, पिळू नको, नेटानं सरळ ओढ. हे सगळं दोन वर्षं माझ्या डोळ्यांपुढं चाललेलं, पण मी कधी नीट बघितलं नव्हतं, कारण मला ते म्हाताऱ्याचं खूळ वाटायचं. आता परकी होऊन बसले तेव्हा एकेक गोष्ट ऐकली.

"लेकीला कामून शिकवला न्हाईत?" एकदा मी विचारलं.

"तिला सबूर न्हाई," ते म्हणाले. "लई तापट. आईवर गेली न्हाई, माझ्यावर बी न्हाई. पण मनानं वाईट न्हाई पोरगी. रागात बोलती अन् मग चुलीपाशी जाऊन रडती. मी ऐकलोय." मग म्हणाले, "तिला भेटलीस तर सांग, अप्पा रागावला न्हाई. तुझ्या घरचं खाल्लो ते मात्र नको सांगू. तिला वाईट वाटंल. बाप शेजारणीकडचं खातोय अन् आपल्या घरचं खात न्हाई म्हून."

"सांगते," मी म्हणाले. ताट घेऊन अक्काच्या फाटकातून फिरून मागच्या दारानं घरात आले अन् चुलीपाशी बसले. पण रडले नाही. त्यांना ऐकू जाईल म्हणून.

महिनाभर ते असं जेवले. मग भाकर गिळवेना, तेव्हा ज्वारीची पातळ पेज करून त्याच पितळी ताटात वाटी ठेवून न्यायला लागले. शेवटच्या दिवशी दुपारी मालक घरीच होते, पोरगी त्यांच्या मांडीवर. अप्पांचा श्वास वरवर चालला होता. मी त्यांचं डोकं हातावर घेतलं, चमचा ओठांना लावला. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं.

"अक्का, माझी लेक आली का गं?"

माझ्या तोंडात तो शब्द आला होता. अप्पा, मीच हाय की. पण मी ते म्हटलं असतं तर त्यांनी ओठ मिटले असते, अन् माझा बाप माझ्या हातावर उपाशी गेला असता.

"यायलीय," मी म्हणाले. "वाटंतच हाय. एवढी पेज घ्या, तोवर पोचती."

त्यांनी दोन घोट घेतले. मग माझ्या खांद्यावरून दाराकडं बघत राहिले, लेक कधी येती म्हणून.